अर्ध्याहून थोडी जास्त

बाजारात पावट्याचे ढीग लागले की लोकांना भूक लागते, मला राग येतो.

आमच्या बेंगळूरच्या यशवंतपूर बाजारात डिसेंबर सरता सरता पावटा उतरतो. इथे त्याला अवरेकाई म्हणतात. पोत्यांतून सरळ रस्त्याकडेला ओतलेला, दंवानं ओला, बोटांना तेलकट लागणारा. त्या तेलकट वासाला कन्नडमध्ये खास शब्द आहे, सोगडू. मराठीत त्याला शब्द नाही, निदान मला तरी माहीत नाही. मिरजेला आमच्याकडेही पावटा यायचा, पण त्याला हा वास नव्हता. की होता आणि मी लहान होते म्हणून कळला नाही, कोण जाणे. इथल्या बायका शेंग मोडून नाकाशी धरतात आणि वास आला तरच भाव विचारतात. मीही तेच करते. इतकी वर्षं एका गावात काढली की नाकसुद्धा त्या गावचं होतं.

या पावट्याचं इथे एक वेगळंच काम असतं. दाणे रात्री भिजत घालायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते आणि आतला हिरवा दाणा सुटकन परातीत उडतो. मग त्याची पातळ आमटी, नाहीतर उपम्यात, नाहीतर तळून. सगळा जानेवारी घराघरांतून बायका हे चिमटे काढत बसलेल्या असतात. या कामाला डोकं लागत नाही, दोन बोटं लागतात. त्यामुळे कान मोकळे राहतात. आणि मोकळ्या कानांनी बाईला जे ऐकायला मिळतं ते बंद कानांनी राहिलेल्यांच्या नशिबी नसतं, हे मी तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत शिकले.

तेव्हा आमचे हे मार्चअखेरीस रिटायर होणार होते. सरकारी संशोधन संस्थेतली नोकरी, म्हणजे पेन्शनवाली. आजकालच्या मुलांना पेन्शन म्हटलं की आम्ही एखादी लॉटरी जिंकल्यासारखं वाटतं. आमचा निखिल तसा आयटीतला, बनशंकरीला राहतो, बायको मृणाल पुण्याची. दोघं दर रविवारी जेवायला यायची आणि जेवण झालं की निखिल जेवणाच्याच टेबलावर लॅपटॉप उघडायचा. बाबांच्या निवृत्तीचं नियोजन. मोठं कोष्टक मांडलं होतं त्यानं. आडव्या ओळी, उभे रकाने, रंगीत चौकोन. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर, पुढ्यात परात.

"आई, तू पण ये ना इकडे," निखिल म्हणाला, एकदाच.

"ऐकतेय मी इथून. तुमचं चालू द्या."

चालू झालं. पेन्शनचा एक भाग विकून एकदम हातात येईल ती रक्कम इथे, ग्रॅच्युइटी तिथे, पीएफ खाली. आणि मग घराच्या विक्रीचे पैसे.

"कुठल्या घराच्या?" मी विचारलं.

"आपल्याच. किती घरं आहेत आई आपली?"

"दोन आहेत. म्हणून विचारलं."

आता हे दुसरं घर म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या इथल्या जुन्या मराठी मंडळींची ही एक रीतच आहे. नोकरीसाठी इकडे यायचं, सरकारी कारखान्यांत नाहीतर संस्थांत चिकटायचं, पोरांनी झोपेत कन्नड बडबडायचं, आपण भाजीवाल्याशी 'स्वल्प कमी करा अण्णा' म्हणत घासाघीस करायची, आणि एवढं सगळं झाल्यावर पुण्यात एक फ्लॅट घेऊन ठेवायचा. 'नंतर'साठी. गणपतीत मंडळात भेटलं की एकमेकांना विचारायचं, तुमचं कुठं घेतलंय? बाणेरला? आमचं वाकडला. त्या फ्लॅटमध्ये आपण कधी राहिलेलो नसतो. तिथे कोण राहतं तेही धड माहीत नसतं, दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो. पण म्हातारपण तिथे आहे म्हणे, आपली वाट बघत, हॉलमध्ये पंख्याखाली बसून. जे खरोखर गेले ते दर हिवाळ्यात इकडे येतात आणि आमच्या सोफ्यावर बसून रडतात, की तिकडे आम्हाला बेंगळूरवाले म्हणतात. तरी मागची माणसं जायचं थांबत नाहीत. परत जायचं, परत जायचं. अहो, मी मिरजेची. मी पुण्याची कधी नव्हतेच, तर परत कशी जाऊ?

आणि हे घर विकायचं, जे रुळांच्या अंगाला आहे.

गच्चीवर गेलं की एक लाकडाची वखार, एक चिंच, एक लांब भिंत आणि भिंतीपलीकडे गाड्या. साइट, म्हणजे इथला प्लॉट, स्वस्त मिळाली ती आवाजामुळेच. तिघा-चौघांनी बघून सोडली होती. हेही सोडणार होते. मी म्हटलं, हीच घ्या. यांना वाटलं, बिचारी काटकसर करतेय. काटकसर कसली? माझं माहेर मिरजेच्या यार्डाजवळ. त्या जंक्शनला तेव्हा तीन मापांचे रूळ होते, मोठे, मधले आणि लहान. तिन्ही गाड्यांच्या शिट्या मी घड्याळ वाचायला शिकायच्या आधीच ओळखायला लागले होते. लग्न होऊन इकडे आले ती मधल्या मापाच्या गाडीतून. अंगावर शालू, डोळ्यांत कोळशाचा नसला तरी धुळीचा कण, आणि सकाळी तुमकूरच्या पुढे खडकाळ टेकड्या आणि नारळीच्या बागा एकदम सुरू झाल्या तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. कन्नड वाचायलाही मी शाळेत नाही, स्टेशनांवर शिकले. पिवळ्या पाटीवर एकच नाव तीन लिप्यांत लिहिलेलं असतं. हिंदीतलं वाचायचं आणि कन्नड अक्षरांशी एकेक जुळवत बसायचं, गाडी हलेपर्यंत. दहावीनंतरचं माझं शिक्षण ते असं, पाट्यांवरचं.

यांना तेव्हा गाडी म्हणजे गाडी. गच्चीवर पेपर वाचत बसायचे, मागून एवढी मोठी मालगाडी गेली तरी मान वळायची नाही. मी दाखवलं. हे बघा, इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं नाव लिहिलेलं असतं. कुठल्या गावचं इंजिन ते कळतं. आज गुत्तीचं आलंय, काल इरोडचं होतं, आणि हे बघा, इतक्या लांब इटारसीचं इकडे कसं आलं असेल? इंजिनालासुद्धा माहेर असतं. कितीही लांब हिंडलं तरी ठरलेल्या मुदतीत त्याला आपल्या शेडमध्ये जावंच लागतं. तिथे त्याचं पोट उघडून बघतात, चाकं घासतात, काय झिजलं, काय बदलायचं, सगळं होतं आणि मगच पुन्हा कामाला सोडतात. त्याला काय लागतं, असं कोणी म्हणत नाही.

हळूहळू यांना गोडी लागली. मग संस्थेतल्या दोघातिघांनी मिळून रेल्वेच्या नादिष्टांचा एक ग्रुप केला. यांनी कॅमेरा घेतला. खिशावर इंजिनाचं चित्र असलेले टी-शर्ट आले. रविवारी पहाटे कुठल्यातरी वळणावर, पुलाखाली गाड्या टिपायला जायचं. मी एकदा म्हटलं, मीही येते. तर म्हणाले, "अगं सगळे पुरुष असतात. आणि तिथे बाथरूमची सोय नाही." झालं. मी घरी. नऊ वाजता ते सगळे आमच्याच घरी यायचे इडल्या खायला आणि मला फोटो दाखवायचे. आवाजावरून डिझेल इंजिनाची जात कशी सांगायची, हे यांनी एकदा सगळ्यांना समजावून सांगितलं, माझ्याच शब्दांत, अगदी माझी घशातली घरघर काढून. एकानं विचारलं, हे कुठं शिकलात हो? हे म्हणाले, "सवयीनं येतं." मी चटणी वाढत होते. वाढली.

तर त्या रविवारी कोष्टकात एक ओळ आली, छंद. त्यापुढे बाबा. रेल्वे प्रवास, वर्षातून दोनदा. कांगडा, निलगिरी, दार्जिलिंग, डोंगरातल्या छोट्या गाड्या. निखिलनं विचारलं, "बाबा, एकट्याचं धरू ना?"

"ग्रुपबरोबर जाणार ना मी. एकाचंच धर."

"आणि आईच्या गाड्या?" हे निखिलनं हसत विचारलं. वाईट मनानं नव्हे. तेच जास्त वाईट.

"तिचं काय, ती गच्चीवरनं बघते. फुकट आहे," हे म्हणाले. "पुण्यात काय गाड्या कमी आहेत?"

वाकडच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते. तिथे वाळत घातलेले कपडे दिसतात. मी मुद्दाम जाऊन बघून आले होते.

मग निखिलचा आवाज जरा खाली आला. "आता हा भाग बाबांनंतरचा. सॉरी हं बाबा, पण करावं लागतं."

"अरे, कर ना. सरळ गोष्ट आहे. माझ्यानंतर तिला फॅमिली पेन्शन. माझ्या अर्ध्याहून थोडी जास्त. पुष्कळ झालं. तिला काय लागतं?"

"तसाही आईचा खर्च कमीच आहे," निखिल म्हणाला, आणि बोटं टकटक चालली.

म्हणजे बघा. भर दुपारी, पाटावर पावटे सोलत बसलेल्या बाईला तिच्या नवऱ्यानं आणि मुलानं अगदी शांतपणे विधवा केलं, अर्ध्याहून थोडी जास्त करून एका चौकोनात बसवलं, आणि मग "आई, चहा टाकतेस?" असं विचारलं.

टाकला. तेही सांगते. राग आला की माझे हात जास्तच नीट चालतात. आलं ठेचलं, साखर मोजून घातली, यांच्या कपात नाही. बशीवर थेंब सांडू दिला नाही. आतून मात्र मी त्या परातीतल्या सालांसारखी झाले होते, चिमटीत दाबून आतला दाणा कोणीतरी काढून नेलेली.

त्या आठवड्यात मी बोललेच नाही. म्हणजे बोलले, भाजी संपलीय, गॅसवाला आला होता, एवढं. यांच्या लक्षातही आलं नाही. पन्नास टक्के बायका अशा आठवडाभर गप्प असतील आणि पन्नास टक्के घरांत ते शांतता म्हणून मोजलं जात असेल.

मधेच एक दिवस पेन्शनच्या कागदांसाठी जोडीचा फोटो काढायचा होता. सरकारला तो लागतो, नवरा-बायकोचा एकत्र, एकाच चौकटीत. स्टेशनाकडच्या स्टुडिओत गेलो. मागे निळा पडदा, पुढे दोन प्लास्टिकची स्टुलं. फोटोवाला म्हातारा होता, पन्नास वेळा हात हलवत होता. "सर, हत्तिर बन्नी," म्हणजे जवळ या. हे सरकले. मग मला, "मॅडम, स्वल्प नगी." जरा हसा. मी नाही हसले. तो थांबला, कॅमेऱ्यामागून डोकं काढून म्हणाला, "हा फोटो पुष्कळ वर्षं राहतो मॅडम."

"म्हणूनच," मी म्हटलं.

हे म्हणाले, "काय झालंय तुला?" मी म्हटलं, काही नाही. आजही कुठल्यातरी सरकारी कपाटात त्या फायलीवर मी तशीच आहे, भुवया जवळ आलेल्या, ओठ मिटलेले. मला राहून राहून वाटायचं, की ज्या सरकारला माझं नावही उच्चारता येणार नाही ते यांच्याशेजारी मला बसवल्याशिवाय कागद पुढे सरकू देत नाही, आणि घरातल्या कोष्टकात मात्र मला जागा मिळते ती हे गेल्यावर.

संक्रांतीला दोघं पुन्हा जेवायला आली. तिळगूळ झाला, इथल्या पद्धतीचं एळ्ळु-बेल्ला झालं, शेजारून आलेली साखरेची बाहुलीसुद्धा मृणालनं मोडून खाल्ली. मग लॅपटॉप निघाला. या वेळी मी पाटावर बसले नाही. खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले, निखिलच्या शेजारी.

"आता उलटं मांड," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी आधी गेले तर."

"आई, सणाच्या दिवशी काहीतरीच काय."

"बाबांना मारलंस तेव्हा काहीतरीच नव्हतं ना? मग मलाही मार. हिशेब आहे तो."

हे पेपरातून वर बघायला लागले. निखिलनं बाबांकडे बघितलं, त्यांनी खांदे उडवले. मग त्यानं नवीन पान उघडलं.

"लिही. स्वयंपाक."

"स्वयंपाक काय?"

"कोण करणार? बाबांना चहासुद्धा टाकता येत नाही. बाई लागेल. मृणाल, काय घेतात गं आजकाल?"

मृणालनं आकडा सांगितला. तिच्याकडे बाई आहे, तिला पाठ होतं. "पण आई, तो एका वेळचा रेट आहे. दोन वेळचा वेगळा. आणि नाश्ता ॲड केला तर एक्स्ट्रा."

"ॲड कर. यांना रोज इडली चालत नाही, तेही लिही. प्रवासाचा डबा वेगळा. धुणं-भांडी. बाजार. यांच्या शुगरच्या गोळ्या सकाळी आणि रात्री हातावर ठेवायला कोण? पाणी आलं की नाही ते बघायला, बँकेत, लाइट बिलाला, प्लंबर आला की त्याच्या डोक्याशी उभं राहायला?"

"आई, एवढं डिटेलमध्ये..."

"लिही रे. पाहुणे. यांचा तो रेल्वेचा ग्रुप, इडल्या. आणि तुमचं मूल झालं की कोण सांभाळणार असं धरलंयस तू? कुठं लिहिलंयस ते? नाही ना लिहिलेलं? म्हणजे माझ्यावरच धरलंय."

निखिलची बोटं थांबली. मृणाल इतका वेळ भाव सांगत होती, ती आता लॅपटॉपकडे वाकली. तिचे डोळे त्या वाढत चाललेल्या ओळींवर होते. मला वाटतं, तिला तिथे दुसरंच कोणीतरी दिसायला लागलं होतं, माझ्यापेक्षा तरुण.

खालचा आकडा लाल झाला. त्या यंत्राला आपल्याआपच कळतं म्हणे. वर्षं पुढे सरकत होती तसा तो आणखी लाल होत गेला. कांगडा गेलं, निलगिरी गेली, पुणं गेलं. मी मेल्यावर आमचे हे काही वर्षांतच कंगाल होत होते, कोष्टकात, सगळ्यांच्या देखत.

यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग हे म्हणाले, अगदी खरोखरचं न कळून म्हणाले, "पण तू आधी कशाला जाशील?"

तो प्रश्न नव्हता. ते त्यांचं नियोजन होतं. एवढी मोठी संस्था, एवढी यंत्रं, एवढा अभ्यास, आणि म्हातारपणाचा सगळा डोलारा माझ्या दोन हातांवर ठेवलेला, आणि त्या हातांना कोणी विचारलेलंही नाही की बाई गं, तू किती दिवस उचलून धरणार आहेस? मी त्यांच्या हिशेबात खर्च नव्हते. मी जमेत होते, आणि न लिहिलेल्या जमेत.

"ऐका," मी म्हटलं. "या घराच्या कागदावर माझं नाव आहे. मी सही करणार नाही. विकायचं असेल तर पुण्याचं विका. आणि मी मेल्यावर जी बाई ठेवणार आहात ती आत्ता ठेवा. मी जिवंत असताना."

यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "छंदाच्या ओळीत दोन तिकिटं घाला." त्यांनी तोंड मिटलं.

असं सांगितलं की लोकांना वाटतं, झालं, गोष्ट संपली, बाई जिंकली. राग असा जिंकून जात नाही. पुण्याचा फ्लॅट विकला, मंडळातल्या लोकांनी आमची विचारपूस केली जणू घरात कोणी आजारी आहे. गौरम्मा स्वयंपाकाला आली. मी एक दिवस उठले, आपली पिशवी भरली आणि सकाळच्या गाडीनं सकलेशपूरचा घाट बघायला गेले. एकटी. यांना नेलं नाही, यांनी विचारलंही होतं. खिडकीत बसले. हासनच्या पुढे हवा बदलते, कॉफीच्या मळ्यांतून एक गार, कडसर वास येतो, मग बोगदे सुरू होतात. बोगद्यात सगळे ओरडतात, मोठी माणसंसुद्धा, आणि बाहेर आलं की खोल खाली पाणी आणि झाडांची टोकं. परतीला चढ लागतो तेव्हा गाडीला मागूनही इंजिनं लावतात ढकलायला. वळणावर मान बाहेर काढली की ती दिसतात. धूर ओकत, दात-ओठ खात, सगळी गाडी खांद्यावर घेतल्यासारखी. डब्यातली माणसं पुढे बघत होती. मी सगळा घाट मागे बघत चढले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्यानं असं शेजारच्या बाईला सांगितलं. खरं तर मला फार राग आला होता, की हे बघायला मला साठी यावी लागली.

गेल्या महिन्यात यांचे ते रेल्वेवाले मित्र आले होते. मी गच्चीवरून खाली आले, तर एक जण म्हणाला, "वहिनी, तुमची आता मजा आहे. स्वयंपाकाला बाई, तुम्ही गच्चीवर."

मी म्हटलं, "हो, मी वारल्यावर ठेवायची होती. जरा लवकर ठेवली."

त्याचा घास तसाच राहिला. हे खाली बघत हसले. यांना आता माझं बोलणं कळायला लागलंय, एवढी सुधारणा आहे.

पण मी सांगतेय ते यंदाच्या पावट्याचं. परवा सकाळी मी आणि गौरम्मा समोरासमोर बसून दाणे सोलत होतो. मला आवडतं म्हणून मी बसते, कोणी बसवत नाही, फरक आहे तो. गौरम्मा तुमकूरकडची, मागच्याच गल्लीत राहते, अशा कितीतरी घरांत करते. तिची बोटं माझ्या दुप्पट चालतात. गाडी गेली तशी मी उठून बघून आले, इंजिन कुठलं ते. परत बसले आणि सहज विचारलं, "म्हातारपणाचं काय ठरवलंयस गं?"

"त्यात ठरवायचं काय अक्का? हातपाय गट्टी, धड आहेत तोवर करायचं."

"आणि मग?"

"मग मुलगी बघेल. नाहीतर देव बघेल. तुम्ही दाणे बाहेर उडवताय."

खरंच उडवत होते. माझी चिमटी घट्ट झाली होती. तीन वर्षं ही बाई माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे, माझ्या मोकळ्या सकाळी तिच्या हातांवर उभ्या आहेत, आणि हिच्यासाठी अर्ध्याहून थोडी जास्तसुद्धा कुठे लिहिलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन बँकेत गेले. कष्टाची कामं करणाऱ्यांसाठी पेन्शनची योजना असते असं मी ऐकलं होतं. काउंटरवरचा मुलगा भला होता. त्यानं तिचं आधार कार्ड बघितलं, मान हलवली. "एज क्रॉस आगिदे मॅडम. चाळिशीच्या आत नाव घालावं लागतं."

"चाळिशीच्या आत हिला कोणी सांगितलं होतं का?"

"ते मला कसं माहीत असणार मॅडम?"

"मग कोणाला माहीत असतं? चाळिशीच्या आत ही पहाटे पाचपासून लोकांच्या चपात्या लाटत होती. तेव्हा तुम्ही लोकांनी कुठं पाटी लावली होती?"

रांगेतली माणसं बघायला लागली. गौरम्मानं माझी कोपराशी बाही धरली. "बन्नी अक्का. मला पुढच्या घरी जायचंय. भाजी चिरायचीय अजून." तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ना राग, ना दुःख. बस चुकली तर दुसरी येईल, असा चेहरा. मला त्या मुलापेक्षा, त्या योजनेपेक्षा त्या चेहऱ्याचा राग आला. एवढं काही न मागण्याची सवय बाईला कोण लावतं? मला ज्यांनी लावली होती तीच माणसं असणार.

घरी आले. हे मोबाइलवर कांगड्याची वेळापत्रकं बघत बसले होते. फेब्रुवारीत ग्रुप जाणार आहे, तिथवरच्या मोठ्या गाडीची तिकिटं झालेली.

"तुमचं कांगडा रद्द करा," मी चपला काढता काढता म्हटलं.

"का? काय झालं?"

सांगितलं. बँकेचं, चाळिशीचं, सगळं. "ते पैसे गौरम्माच्या नावानं पोस्टात टाकायचे. आणि दर महिन्याला आपल्या दोघांच्या पेन्शनीतून थोडे. तिच्या पगारातून नाही. पगार वेगळा."

यांनी चष्मा काढला, पुसला. नाही म्हणाले नाहीत, ते मी मान्य करते. फक्त विचारलं, "आणि तुझं ते मार्चचं, घाटाचं तिकीट?"

"ते राहील."

"मग माझंच का?"

"छंदाची ओळ तुमच्या नावावर आहे. तुम्हीच लिहून घेतली होती."

त्यांनी मोबाइलवर तिकीट उघडून बघितलं. मग म्हणाले, "आता रद्द केलं तर पैसे कापतात."

"कापू देत," मी म्हटलं. "आत्ता करा. माझ्यासमोर."